रात्रीची मजुरी

वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास लिहितांना बहुधा भाव, निर्यात आणि आगगाडी यांचाच हिशेब मांडला जातो. मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळास जाणारा अरुंद मापाचा लोहमार्ग किलिक निक्सन कंपनीच्या विलायती भांडवलावर उभा राहिला तो या कापसासाठीं, हें आपल्याकडे पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु त्या कापसाची सरकी रात्रीं कोण काढीत होतें, आणि त्या रात्रीबद्दल त्यास काय मिळत होतें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं.

जिनाचा धंदा हंगामी. दिवाळी झाली कीं बंड्यांची रांग लागते. कापूस उघड्यावर पडून राहिल्यास अवकाळी पावसाचें व आगीचें भय. शिवाय भाव उतरण्यापूर्वीं गठाणी बांधून रवाना करण्याची व्यापाऱ्यास घाई. अशा वेळीं यंत्र थांबविणें मालकाच्या जिवावर येई. १८८४-८५ सालीं मुंबई सरकारनें नेमलेल्या कमिशनपुढें खानदेशांतील जिनांविषयीं ज्या साक्षी झाल्या, त्या आजही वाचवत नाहींत. पहाटे चार-पांचला आलेल्या बाया रात्र पडेपर्यंत यंत्रापाशीं बसत, आणि माल तुंबला म्हणजे तींच माणसें रात्रंदिवस राबत. वऱ्हाडांतही पीक तेंच आणि हंगामाची घाईही तीच. जेथें दुसरी पाळीच नाहीं, तेथें रात्रपाळीचा भत्ता कोठून असणार!

कायद्यानें या लोकांकडे फार उशिरां पाहिलें. १८८१ च्या पहिल्या कारखाना-कायद्यांतून वर्षांतून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने वगळले होते, म्हणजे ज्यांस रक्षणाची गरज अधिक तेच बाहेर राहिले. १९११ सालीं हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेंत आले. पण त्याच कायद्यानें स्त्रियांस रात्रीचें काम मना करतांना जिनें व प्रेस यांस मुभा ठेविली! मुंबईच्या गिरणींतील बाईस रात्र वाईट आणि जिनांतील बाईस मात्र ती सोसते, असें शास्त्र कोणत्या वैद्यानें काढलें तें कळत नाहीं.

१९२२ सालीं आठवड्याची मर्यादा साठ तास ठरली आणि जादा तासांस निदान सव्वापट मजुरी मिळूं लागली. १९३४ च्या कायद्यांत नित्य कारखान्यांस दिवसाचे दहा व आठवड्याचे चौपन्न तास. हंगामी कारखान्यांतील पुरुषांस मात्र अकरा व साठच. पुढें १९४८ च्या कायद्यानें नऊ तासांपलीकडील कामास दुप्पट दर दिला आणि सायंकाळीं सात ते सकाळीं सहा स्त्रियांस काम मना केलें. मनाई दयेची होती खरी, पण तिचा खर्च आमच्या मतें बाईच्याच पदरीं पडला. भरहंगामांतील रात्रीची मजुरी तिच्या हातून गेली, आणि पुरुषाच्या हातीं आली ती दिवसाच्याच दरानें. कारण या साऱ्या कायद्यांनीं काम किती लांबलें एवढेंच मोजलें. तें केव्हां केलें, हें दरांत धरलें नाहीं. रात्री दहाला आलेला मजूर सकाळीं सहाला सुटला, तर त्याचे आठच तास भरतात आणि दुपटीचा प्रश्नच उद्भवत नाहीं.

रेल्वेंत गोष्ट निराळी झाली. १९६९ सालीं नेमलेल्या रेल्वे कामगार लवादापुढें रात्रीच्या भत्त्याचा प्रश्न होता. केंद्र सरकारच्या नोकरींत रात्रीं दहा ते सकाळीं सहा या वेळांतील प्रत्येक तासास दहा मिनिटें अधिक धरण्याची रीत पडली, म्हणजे रात्रीचा तास सत्तर मिनिटांचा ठरला. झोपेची किंमत सहावा हिस्सा योग्य कीं अयोग्य, हा वाद वेगळा. परंतु तिला किंमत आहे एवढें तरी तेथें मान्य झालें. रेल्वेच्या नोकरास हा हिशेब मिळाला. त्याच रेल्वेच्या डब्यांत चढवावयाच्या गठाणींसाठीं रात्रभर यंत्र चालविणाऱ्या जिनांतील माणसास कारखाना-कायद्यानें तो दिला नाहीं.