बार्बेरियनचा राग

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये कुणी बार्बेरियन घेतला की पुढं काय होणार, हे टेबलावरच्या सगळ्यांना ठाऊक असतं. हातात भलीमोठी कुऱ्हाड आणि तोंडी ‘मला भूक. मी मारणार.’ दार बंद असेल तर लाथ, वाटाघाटी लांबल्या तर रेज. पहिल्या सेशनला सगळे हसतात. चौथ्यापर्यंत खेळणाऱ्यालाच कंटाळा येतो, कारण पात्राकडं करण्यासारखं दुसरं काही उरलेलं नसतं.

हा साचा आला कुठून? शब्द ग्रीकांचा. ज्यांचं बोलणं कानाला नुसतं ‘बर बर’ वाटतं, ते बार्बारोस. आपली ‘बडबड’ अशीच आवाजातून आलेली. संस्कृतातही ‘बर्बर’ आहे, आणि ‘म्लेच्छ’ शब्दामागंही अस्पष्ट बोलण्याचाच अर्थ आहे. म्हणजे मूळ शब्दात ना कुऱ्हाड आहे, ना राग. ऐकणाऱ्याला समोरच्याची भाषा येत नाही, एवढंच त्यात आहे. उणेपणा मात्र बोलणाऱ्याच्या नावावर जमा झाला.

गेममधल्या बार्बेरियनचा थोरला भाऊ म्हणजे कोनन. टेक्सासच्या रॉबर्ट हॉवर्डनं 1932 साली ‘वीअर्ड टेल्स’ मासिकात त्याला आणलं. गंमत म्हणजे त्या पहिल्याच कथेत कोनन राजा आहे आणि लेखणी घेऊन नकाशा पुरा करत बसलाय, कारण दरबारातल्या नकाशांत त्याच्या उत्तरेकडच्या मुलखाची धड माहिती नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स 1974 मध्ये आला. 1985 च्या ‘अनअर्थ्ड अर्काना’ या पुस्तकात बार्बेरियन स्वतंत्र क्लास म्हणून आला, तेव्हा त्याची ओळख होती रानात तग धरणारा आणि जादूवर विश्वास न ठेवणारा माणूस. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला रेज मिळाला, सुरुवातीला दिवसातून एकदा. त्याच आवृत्तीत लिहितावाचता न येणारा तो एकमेव क्लास ठरला. अक्षरओळख हवी तर दोन स्किल पॉइंट मोजा! नकाशे काढणाऱ्या कोननच्या वारसाची ही गत.

आता एक खरा ‘बार्बेरियन’ बघू. इ. स. 449. कॉन्स्टँटिनोपलहून रोमन सम्राटाचे दूत हूणांचा राजा अटिलाकडं निघाले. त्यांच्यात प्रिस्कस नावाचा लेखक होता. त्याच्या ग्रंथाचे आज तुकडेच उरलेत, पण त्यात अटिला समोर बसलेला दिसतो. मेजवानीत पाहुण्यांना चांदीची ताटं, सोन्याचांदीचे पेले; अटिलापुढं लाकडी ताट आणि लाकडी पेला. विदूषकाला सगळे हसतायत, हा गंभीर. धाकटा मुलगा जवळ आला, तेव्हाच काय ती नजर निवळली. दरबारात हूणांची भाषा चालायची, तशीच गॉथिक आणि लॅटिनही.

या भेटीच्या पोटात एक कट होता. रोमन दरबारातल्या एका बड्या अधिकाऱ्यानं अटिलाचा सरदार एडेको याला 50 पौंड सोन्याचं आमिष दाखवून राजाला मारायची सुपारी दिली होती. दुभाषा विगिलास त्यात सामील होता. प्रिस्कसला पत्ताही नव्हता. एडेकोनं परत येऊन सगळं अटिलाला सांगून टाकलं.

आपल्या टेबलावरच्या बार्बेरियननं इथं काय केलं असतं? अटिलाही भडकला. पळून आलेले हूण रोमननी परत का दिले नाहीत, या निमित्तानं त्यानं विगिलासला भरदरबारी झापलं. तुला सुळावर चढवून पक्ष्यांना घातलं असतं, पण दूताला हात लावायचा नसतो, म्हणाला. मग त्याला जिवंत परत जाऊ दिलं. विगिलास सोनं घेऊन पुन्हा आला, तेव्हा मुद्देमालासकट पकडला गेला. त्याच्या मुलाला मारायची धमकी देऊन अटिलानं कबुली काढून घेतली, आणि सुटकेसाठी आणखी 50 पौंड सोनं मागितलं.

अटिला काही संत नव्हता. त्यानं शहरंच्या शहरं उद्ध्वस्त केली होती. पण त्याचा राग बटण दाबल्यासारखा नव्हता. राग कुठं दाखवायचा, कुठं गिळायचा आणि कुठं वसूल करायचा, याचे त्याचे नियम होते. त्या प्रकरणात दूतांच्या आडून खून करायला निघालेली बाजू ‘सुसंस्कृत’ होती.

बार्बेरियन पटण्यासारखा करायचा तर माझ्या मते इथून सुरुवात करावी. आमच्या शनिवारच्या ग्रुपमध्ये कुणी हा क्लास घेतला की मी तीन प्रश्न विचारतो. तुझ्या लोकांत कुणावर हात उचलायचा नसतो? कुठल्या अपमानाला उत्तर द्यावंच लागतं? आणि तुझ्या भाषेत तू कसा बोलतोस? तिसरा सगळ्यात कामाचा. शहराच्या वेशीवर अडखळणारा माणूस आपल्या माणसांत म्हणी वापरेल, टोमणे मारेल, लांबलचक गोष्टी सांगेल. शेकोटीपाशी त्याच्या गावचा कुणी भेटला, तर त्याला सरळ, ओघवतं बोलू द्या. टेबलावरचे बाकीचे एकदम गप्प होऊन ऐकतात.

या प्रश्नाशी माझा जरा जास्तच जिव्हाळा आहे. मराठी माध्यमातून इंजिनिअरिंगला आलेल्या अनेकांसारखा मीही पहिलं वर्षभर वर्गात तुटक, तीन-चार शब्दांची इंग्रजी वाक्यं बोलायचो. प्रोग्रॅम नीट चालायचा, पण तो समजावताना मी मठ्ठ वाटायचो. होस्टेलच्या खोलीत मात्र रात्री दोनपर्यंत मलाच गप्प बसवावं लागायचं. त्यामुळं कुणी ‘मी मारणार’ म्हणून हशा मिळवला, की मला त्या पात्राची मातृभाषा ऐकावीशी वाटते.

रेजचा नियम काढून टाकायची गरज नाही. फासे टाकायला मजा येते. फक्त तो वापरण्याआधी तुमच्या बार्बेरियननं काय काय सहन केलं, हे बाकीच्या खेळाडूंना दिसू द्या. मग दिवसातून एकदाच येणारा राग पुरेसा होतो.