तार कुठे आहे?

जुना अंतराळपट लागला की घरातले सगळे रॉकेट बघतात आणि मी तार शोधत बसतो. चाळीस वर्षं नाटकांच्या नेपथ्यात गेली, त्याची ही खोड. पडद्यावर कुणी अधांतरी दिसला की माझी नजर आधी त्याच्या डोक्यावर जाते. टांगलाय कशाला, कप्पी कुठे बसवली, दोर ओढणारा विंगेत उभा आहे की वर माळ्यावर?

ही खोड एका फजितीतून लागली. एका बालनाट्यात मला परी उडवायची होती. बारीक पोलादी तार घेतली, काळी रंगवली, मागे काळा पडदा सोडला. तालमीत कुणाला काही दिसलं नाही. पण आठ दिवसांच्या तालमींत कप्पीवर घासून घासून तारेचा रंग उडाला होता, ते माझ्या ध्यानात आलं नाही. पहिल्याच प्रयोगात बाजूचा निळा झोत पडला आणि तार जरीसारखी लखलखली. तिसऱ्या रांगेतून एक पोरगं ओरडलं, "दोरी दिसतेय!" टाळ्या परीला कमी आणि त्याला जास्त मिळाल्या. तेव्हापासून जो कुणी माणूस हवेत टांगतो तो मला माझ्या जातीचा वाटतो.

या जातीचा मूळपुरुष जॉर्ज मेलिएस. मुळात जादूगार. पॅरिसमधलं एक जादूचं थिएटरच त्याने १८८८ साली विकत घेतलं होतं. (आपले फाळकेही जादूचे प्रयोग करत, आडनाव उलटं फिरवून 'प्रोफेसर केळफा' या नावाने. सिनेमाची सुरुवात जादूगारांच्या हातून झाली यात मला तरी नवल वाटत नाही.) १९०२ साली मेलिएसने मोंत्रईच्या काचेच्या स्टुडिओत चंद्राची सफर घडवली. त्यात चंद्राचं तोंड जवळ जवळ येतं आणि मग रॉकेट त्याच्या डोळ्यात रुततं. बघणाऱ्याला वाटतं कॅमेरा पुढे सरकला. कॅमेरा जागचा हललाही नाही. चंद्र झालेल्या माणसालाच खुर्चीवर बसवून पुढे ओढत आणलं. आम्हीही तेच केलं असतं. जड कॅमेऱ्यापेक्षा माणूस ढकलणं सोपं.

मेलिएसच्या चंद्रावर वजनाचा प्रश्न उद्भवतच नाही. त्याचे पंडित तिथे छत्री घेऊन जातात. परत यायचं तर यान कड्याच्या टोकावरून खाली लोटून देतात. चंद्र वर, पृथ्वी खाली, मग पडणारच की! यान लोटायला दोर वापरलाय आणि तो चक्क दिसतो. तो लपवायचा नाहीच.

पंचाईत झाली ती शास्त्रज्ञ स्टुडिओत आल्यावर. १९२९ साली बर्लिनमध्ये फ्रिट्झ लांगने 'फ्राउ इम मोंड', म्हणजे 'चंद्रावरली बाई', हा चित्रपट केला आणि सल्ल्याला हेर्मान ओबेर्थ या रॉकेटशास्त्रज्ञाला बसवलं. ओबेर्थने सांगितलं, वाटेत वजन नाहीसं होईल. झालं! आता माणूस तरंगायला हवा. लांगने शहाणपणा केला: यानाच्या जमिनीलाच पट्टे ठोकले. पाय त्यात अडकवायचे आणि चालायचं. तरंगायचं नसलं की तारही नको. नेपथ्यकार म्हणून मी या पट्ट्यांना सलाम करतो.

याच चित्रपटाने उलटी गिनती रूढ केली. मूकपट असल्यामुळे आकडे पडद्यावर लिहून दाखवले: सहा, पाच, चार... पुढे खरी रॉकेटं उडवणाऱ्यांनी ती प्रथा उचलली. आणखीही एक गोष्ट उचलली गेली. १९४२ च्या ऑक्टोबरात पेनेम्युंड्याहून जे व्ही-२ रॉकेट पहिल्यांदा नीट उडालं, त्याच्या अंगावर या चित्रपटातल्या बाईचं चित्र रंगवलेलं होतं. पुढे ती रॉकेटं लंडनवर पडली. असली दाद कुठल्या कलावंताला नको.

१९३६ हे साल मला फार आवडतं. त्या वर्षी मॉस्कोत 'कोस्मिचेस्की रेइस' पडद्यावर आला. त्याचा सल्लागार होता कालुग्याचा, बहिरा झालेला म्हातारा शाळामास्तर त्सिओल्कोव्स्की. अंतराळात माणूस कसा वागेल याची चित्रं त्याने स्वतःच्या हाताने काढून दिली आणि चित्रपट पडद्यावर येण्याआधी, १९३५ च्या सप्टेंबरात, तो वारला. चंद्रावरच्या उड्या दाखवायला या मंडळींनी नटांऐवजी बाहुल्या घेतल्या. एकेक चित्र टिपायचं, बाहुली केसभर हलवायची, पुन्हा टिपायचं. बाहुल्यांच्या उड्यांत जरा टोळासारखा झटका आहे, तो मला गोडच वाटतो.

आणि त्याच १९३६ साली पुण्यात प्रभातने 'संत तुकाराम' केला. शेवटी गरुडाच्या आकाराचं विमान उतरतं, तुकोबा त्यात बसतात, विमान वर जातं, जिजाई खाली राहते. हा काही अंतराळपट नव्हे, हे मलाही कळतं. पण पुण्यातल्या आणि मॉस्कोतल्या कारागिरांची त्या वर्षीची अडचण मात्र सख्ख्या बहिणींसारखी: जड वस्तू वर न्यायची आणि कशाने नेली ते दिसू द्यायचं नाही. आमच्या आजीला दिसलंच नाही. ती त्या जागी हात जोडायची.

अमेरिकेचा १९५० चा 'डेस्टिनेशन मून' रंगीत, आणि त्याला ट्रिकसीनसाठी ऑस्करही मिळालं. तरंगणाऱ्यांना त्यांनीही तारेनेच टांगलं होतं, पण मला आवडतो तो त्यातला चंद्र. काळ्या मखमलीवर मोटारीच्या दिव्यांचे सुमारे दोन हजार बल्ब लावून तारे केले. स्टुडिओ तो केवढा! म्हणून दूरवरच्या अंतराळवीरांच्या जागी बुटकी माणसं उभी केली, की अंतर वाढल्यासारखं वाटावं. जमिनीला चिखल वाळल्यासारख्या भेगा पाडल्या, पुढे मोठ्या, मागे बारीक. यावर चंद्राची चित्रं काढून देणारा चेस्ली बोनस्टेल नाराज झाला: भेगा म्हणजे वाळलेलं पाणी, आणि चंद्रावर पाणी कुठलं? शास्त्राने बोनस्टेल बरोबर. पण पंचवीस पावलांच्या रंगमंचावर मैलभर लांबी मागणारे दिग्दर्शक मी पाहिलेत; माझं मत भेगांना.

तारेचा प्रश्न खऱ्या अर्थाने सोडवला तो पावेल क्लुशान्त्सेव्हने. लेनिनग्राडच्या शास्त्रविषयक चित्रपटांच्या स्टुडिओतला हा दिग्दर्शक. १९५७ च्या 'ताऱ्यांकडची वाट' या चित्रपटात त्याची माणसं यानातून बाहेर पडतात, काळ्या पोकळीत सावकाश वळतात, एकमेकांना हात देतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चार वेळा मागे नेऊन पाहिलं. तार नाही. पाठीवर नाही, खांद्यावर नाही.

असतेच, पण आपण भलत्या बाजूने शोधतो. क्लुशान्त्सेव्हने सेट उभा केला, विहिरीसारखा. नट छतापासून लोंबता सोडला आणि कॅमेरा तळाशी ठेवून वर रोखला. आता तार नटाच्या अंगामागे सरळ वर जाते आणि त्याचं शरीरच ती झाकतं. काळा रंग नको, काळा पडदा नको, रंग उडायची धास्ती नको. हे वाचलं तेव्हा मला माझी परी आठवली आणि खरं सांगतो, थोडा मत्सर वाटला. अर्थात, प्रेक्षकांना रंगमंचाखाली झोपवून नाटक दाखवता येत नाही.

चित्रपट पुरा होत आला असतानाच ऑक्टोबरात स्पुटनिक उडाला आणि त्याचा भाग घाईने जोडावा लागला. पुढे १९६२ साली क्लुशान्त्सेव्हने शुक्रावरची सफर केली. ती अमेरिकेतल्या एका निर्मात्याने विकत घेऊन, कापून, आपल्या नटांचे तुकडे जोडून दोनदा विकली. मूळ कारागिराचं नाव मागे पडलं. आमच्या धंद्यात हे नेहमीचंच. नव्वदीच्या सुरुवातीला मात्र हॉलिवूडचा ट्रिकसीनवाला रॉबर्ट स्कोटाक त्याला शोधत रशियात गेला, हे कसं केलं ते त्याच्याच तोंडून ऐकायला. तेव्हा क्लुशान्त्सेव्ह ऐंशीच्या पुढे होता.

कुब्रिकच्या १९६८ च्या '२००१' या चित्रपटातही माणूस निर्वातातून यानात घुसतो तिथे तीच विहीर आहे, तोच तळाशी ठेवलेला कॅमेरा. पण त्याहून मला त्यातलं पेन प्रिय आहे. प्रवासी झोपलाय, त्याचं पेन हवेत संथ गिरक्या घेतंय. तिथे तार नाहीच. समोर मोठी काच धरली आहे, पेन तिला चिकटवलंय आणि काच फिरवली आहे. अवकाशयानाची हवाईसुंदरी येते आणि पेन हवेतून अलगद टिपते.

अलगद म्हणतात खरं. ती जागा थांबवून, सावकाश बघा. बोटांनी पेन धरल्यावर क्षणभर ते सुटत नाही. चिकट्याचा जोर असतो. ती हलकेच ओढते, आणि मग ते येतं.