फिशटँकचं पाणी: कधी तपासायचं, किती बदलायचं?

पांढुर्णा/सौसर : टाकीतलं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असतं, तरी रविवारी साफसफाई निघते. मासे बादलीत काढले जातात, सगळं पाणी ओतून टाकी घासली जाते आणि नळाचं ताजं पाणी भरलं जातं. दोन दिवसांनी मासे तरंगायला लागले की ‘मासेच कमजोर होते’ म्हणून विषय संपतो. बहुतेक वेळा दोष माशांचा नसतो. पाणी कधी आणि किती बदलायचं हे नुसत्या नजरेनं ठरत नाही, त्यासाठी ते तपासावं लागतं.

पाण्यात काय घडतं?

माशांची घाण आणि उरलेलं खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि तळाच्या रेतीत राहणारे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन माशांना विषारी, नायट्रेट त्यामानानं सौम्य. नव्या टाकीत हे जीवाणू पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. स्पंज नळाखाली धुतला तर क्लोरीननं ते मरतात. म्हणून स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

आधी घरचं पाणी तपासा

मँगनीजसाठी प्रसिद्ध असलेल्या या भागातल्या खडकांना भूगर्भशास्त्रात ‘सौसर समूह’ म्हणतात. त्यात संगमरवर आणि डोलोमाइटही आहे. अशा खडकांतून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळलेलं असतं, म्हणजे बोअरचं पाणी जड असू शकतं. संत्रा-कपाशीच्या शेताजवळची विहीर असेल, तर खतांतलं नायट्रेटही पाण्यात उतरलेलं असू शकतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. भरायच्या पाण्यातच ४० असेल, तर कितीही वेळा पाणी बदललं तरी टाकीत ते त्याखाली येणार नाही. म्हणून टाकीच्या पाण्याबरोबर नळ, विहीर किंवा बोअर यांपैकी जे वापरता ते पाणीही एकदा तपासावं.

किट कसं वापरायचं?

पट्टीपेक्षा थेंबांचं किट जास्त नेमकं असतं. नळी टाकीच्याच पाण्यानं विसळावी, बाटली सरळ उभी धरून थेंब मोजावेत, किटवर दिलेला वेळ थांबावं आणि रंग दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदावर जुळवावा. मुदत संपलेल्या किटवर भरवसा ठेवू नये. आरओवाल्यांकडे असतो तो टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार दाखवतो. अमोनिया त्यावर वेगळा कळत नाही.

आकडे आणि निर्णय

• अमोनिया, नायट्राइट : दोन्ही शून्य हवेत. थोडाही रंग दिसला तर त्याच दिवशी २५ टक्के पाणी बदलावं, खाद्य कमी करावं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावं.
• नायट्रेट : लिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत ठीक. ४० च्या वर गेलं की २५ टक्के पाणी बदलावं.
• सगळे आकडे बरोबर असतील तर आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदलणं पुरे.

लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणून १००० नं भागलं की लिटर मिळतात. ६० × ३० × ३० म्हणजे ५४ लिटर. त्याचा चौथा हिस्सा साडेतेरा लिटर, म्हणजे एक मोठी बादली.

महिनोन्‌महिने न बदललेलं पाणी

इथे घाई केली तर मासे हातचे जातात. जुन्या पाण्यात पीएच हळूहळू खाली येतो. पीएच ७ ला एकूण अमोनियातला अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ ला तोच ५ टक्क्यांवर जातो. साचलेला अमोनिया असलेल्या टाकीत बोअरचं जड पाणी एकदम ओतलं की पीएच चढतो आणि तोच अमोनिया दहापट घातक होतो. म्हणून जुन्या टाकीत पीएच बराच उतरलेला असेल, तर वरचा २५ टक्क्यांचा नियम बाजूला ठेवून रोज १० टक्केच बदलावं.

उन्हाळ्यातली चूक

मे महिन्यात टाकी उतरली की वरून पाणी भरलं जातं आणि ‘पाणी बदललं’ असं समजलं जातं. वाफ होऊन फक्त पाणी उडतं, क्षार आणि नायट्रेट टाकीतच राहतात. वरून भरणं म्हणजे बदलणं नव्हे. शिवाय २० अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच. त्यामुळे उन्हाळ्यात हवेचा पंप बंद ठेवू नये.

नळाचं पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवलं की साधं क्लोरीन निघून जातं. घाई असेल तर क्लोरीन काढणारं औषध बाटलीवरच्या मापानं घालावं. नवीन पाणी आणि टाकीतलं पाणी यांच्या तापमानात फार फरक नसावा. काढलेलं पाणी फेकू नका, तुळशीला घाला.

टाकीजवळ एक वही ठेवून तारीख, आकडे आणि किती बादल्या बदलल्या ते लिहिलं, तर दोन-तीन महिन्यांत नायट्रेट किती दिवसांत ४० ला पोचतं ते कळतं. प्रत्येक टाकीचं वेळापत्रक वेगळं असतं आणि ते याच वहीतून ठरतं.