एचआयव्हीचा दुसरा दरवाजा: एका शोधाची बारा वर्षं

एचआयव्ही पेशीत शिरताना सीडी४ आणि त्याच्या जोडीला सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ वापरतो. नेट-सेटच्या परीक्षेला एवढं पुरतं. पण पुढे संशोधन करायचं असेल, तर या एका वाक्यामागची बारा वर्षं बघायलाच हवीत.

१९८४ साली लंडन आणि पॅरिसमधल्या दोन गटांनी सीडी४ हा एचआयव्हीचा रिसेप्टर असल्याचं दाखवलं. प्रश्न सुटला असं वाटलं. मग १९८६ मध्ये उंदराच्या पेशींवर माणसाचं सीडी४ बसवून बघितलं गेलं. विषाणू पेशीला चिकटला, पण आत काही शिरला नाही. तेच सीडी४ माणसाच्या हेला पेशींवर बसवलं, तर मात्र संसर्ग झाला. म्हणजे माणसाच्या पेशीत आणखी काहीतरी होतं, जे उंदराच्या पेशीत नव्हतं.

दुसरीकडे एक वेगळंच कोडं होतं. काही विषाणू मॅक्रोफेजमध्ये वाढायचे, पण लॅबमधल्या टी-पेशींच्या लाइनमध्ये नाही. काहींचं नेमकं उलट. संसर्गाच्या सुरुवातीला बहुतेक रुग्णांत पहिला प्रकार सापडे. काही रुग्णांत पुढे दुसरा दिसू लागे आणि त्यांच्या सीडी४ पेशी झपाट्याने घटत.

हा फरक येतो कुठून? १९९१ मध्ये ब्रायन कलन यांच्या गटाने विषाणूच्या आवरणातल्या प्रथिनाचा व्ही३ हा छोटासा भाग एका विषाणूतून दुसऱ्यात बसवला. हा भाग साधारण ३५ अमिनो आम्लांचा. तेवढ्याने विषाणू कोणत्या पेशीत वाढणार हे बदललं! पुढच्याच वर्षी दिसलं की व्ही३ मधल्या ११व्या किंवा २५व्या जागी धन प्रभाराचं अमिनो आम्ल आलं, तरी मोठा फरक पडतो. एखाददुसरं म्युटेशन, आणि विषाणूचं घर बदलतं.

उत्तर मिळालं १९९६ मध्ये. एडवर्ड बर्जर यांच्या गटाने सीडी४ असलेल्या उंदराच्या पेशींत माणसाचे जनुक घालून, कोणता जनुक विषाणूला वाट देतो हे शोधलं. तो निघाला सीएक्ससीआर४. पण हा दरवाजा फक्त टी-लाइनमध्ये वाढणाऱ्या विषाणूंचा होता. आदल्या डिसेंबरात रॉबर्ट गॅलो यांच्या गटाने तीन केमोकाइन एचआयव्हीला रोखतात असं दाखवलं होतं. ते तिन्ही ज्याला चिकटतात, तो रिसेप्टर म्हणजे सीसीआर५. जूनमध्ये पाच गटांनी जवळजवळ एकाच वेळी जाहीर केलं, की दुसऱ्या प्रकारच्या विषाणूंचा दरवाजा हाच. व्ही३ मधली म्युटेशन्स दरवाजा बदलत होती, आणि दरवाजा बदलला की पेशी बदलत होती.

आता यातून तुम्ही काय घ्यायचं? पहिलं म्हणजे, १९८६ चा तो 'फसलेला' प्रयोगच सर्वांत बोलका होता. नकारात्मक निकाल वहीत गाडून टाकू नका. दुसरं, नावं जपून ठेवा. 'मॅक्रोफेजवाला' आणि 'टी-पेशीवाला' ही नावं लॅबमधल्या चाचणीवरून पडली होती. प्रत्यक्षात सीसीआर५ वापरणारा विषाणूसुद्धा शरीरातल्या टी-पेशींनाच मारतो. म्हणूनच १९९८ मध्ये रिसेप्टरवरून आर५ आणि एक्स४ ही नावं सुचवली गेली.

हा नावांचा काथ्याकूट नाही बरं का! मॅराव्हिरॉक हे २००७ मध्ये मान्यता मिळालेलं औषध सीसीआर५ अडवतं. रुग्णात एक्स४ विषाणू असेल, तर ते चालत नाही. त्यामुळे देण्याआधी चाचणी करावी लागते.

तिसरं, नमुना कुठला ते विचारा. सुरुवातीचं बरंचसं काम युरोप-अमेरिकेतल्या बी उपप्रकारावर झालं. भारतात मुख्यत्वे सी उपप्रकार आहे, आणि त्यात एक्स४ कडे वळणं बरंच कमी दिसतं. पुढचा पेपर वाचताना आधी पद्धतीचा भाग उघडा: विषाणू कुठला, आणि पेशी कुठल्या?