असईचा बॅगपाइपवाला



आपल्या मिशनची स्थापना, धर्मगुरूंच्या नेमणुका व देवालयाचे बांधकाम यांची हकीकत या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत अन्यत्र आलेली आहेच. आम्ही येथे एका वाद्याचा इतिहास सांगण्याचे योजिले आहे. हा विषय कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु या वाद्यावरून आपल्या मंडळीत एक प्रश्न उभा राहिला, व त्याचे उत्तर शोधता शोधता आम्हांस जे सापडले ते सर्वांच्या कानी घालणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

दोन वर्षांपूर्वी आपल्या तरुणांनी महोत्सवाच्या मिरवणुकीकरिता स्कॉटलंडच्या धर्तीचा बॅगपाइप बँड उभारण्याचे मनावर घेतले. पलटणीत हे वाद्य वाजविलेले एक निवृत्त हवालदार शिकविण्यास तयार झाले. वाद्ये मेरठेहून आली. नांदेडची मुले सायंकाळी व लातूरची मुले दर रविवारी मिस्सेनंतर शिकू लागली. मुलांत शिस्त राहावी म्हणून आम्हीही, पन्नाशी उलटलेली असता, त्यांच्या रांगेत जाऊन बसलो. तोच एके दिवशी मंडळीतील एक वृद्ध गृहस्थ आम्हांस म्हणाले, "फादर, हे वाद्य आपल्यावर राज्य करावयास आलेल्यांचे. त्याच्या तालावर आपली माणसे मारली गेली. ते देवाच्या मिरवणुकीत कशाला?" आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही, आणि इतिहास पाहिला तेव्हा बाबांचे म्हणणे निराधार नाही असेच आढळून आले.

मराठवाड्याच्या भूमीवर हे वाद्य युद्धात वाजले आहे. आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात, केळना व जुई या नद्यांच्या मधे असई हे गाव आहे. तेथे दिनांक २३ सप्टेंबर १८०३ रोजी एका बाजूस आर्थर वेलस्ली आणि दुसऱ्या बाजूस दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा, असा घनघोर संग्राम झाला. वेलस्लीच्या सैन्यात ७४ वी व ७८ वी अशा स्कॉटिश डोंगराळ मुलखातील दोन पलटणी होत्या. त्या दिवशी वेलस्लीच्या बाजूचे ४२८ लोक ठार व १,१३८ जखमी झाले; समोरच्या बाजूस पडलेल्यांची संख्या त्याहून कितीतरी मोठी होती. मेलेल्यांत या मातीतील शेतकऱ्यांची मुलेही होती, हे विसरून चालणार नाही.

परंतु वाद्य कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ नाही. ७८ वी पलटण १७९३ साली उभारली गेली. तिच्यातील बहुतेक शिपाई गेलिक भाषा बोलणारे डोंगरी लोक होते, आणि हे लोक स्वतःच जिंकले गेलेले होते. १७४६ साली कलोडनच्या रणांगणावर त्यांच्या टोळ्यांचा मोड झाला. त्याच वर्षी जेम्स रीड नामक बॅगपाइपवाल्यास यॉर्क येथे फाशी देण्यात आले. आपण शस्त्र उचलले नाही, केवळ वाद्य वाजविले, असे त्याचे म्हणणे होते; न्यायाधीशांनी असे ठरविले की, डोंगरी पलटण या वाद्यावाचून कधी कूच करीत नाही, सबब ते वाद्य हेच युद्धाचे हत्यार होय. त्या मुलखाच्या काही भागांत, विशेषतः साउथ यूइस्ट व बारा या बेटांवर, आपला कॅथॉलिक धर्म छळाच्या काळातही टिकून राहिला, आणि साउथ यूइस्ट हे बेट या वादनाकरिता आजही प्रसिद्ध आहे. ज्यांचे वाद्य एकदा हत्यार ठरविले गेले, त्यांचीच मुले पुढे तेच वाद्य घेऊन दुसऱ्यांचा मुलूख जिंकावयास आली. मनुष्याच्या इतिहासात अशी विसंगती वारंवार दिसते.

शिवाय कातडी पिशवीत वारा भरून सूर धरण्याची कला काही स्कॉटलंडची मिरास नव्हे. नांदेडच्या सीमेपलीकडे तेलुगू मुलखात लोकनाट्याच्या व कथागायनाच्या साथीस तित्ती नावाचे वाद्य वाजत आलेले आहे. ती शेळीच्या अखंड कातड्याची पिशवी असून तिच्यातून एकच अखंड सूर निघतो. आपल्या सनईचौघड्यातही एकजण सनई वाजवितो व दुसरा केवळ सूर धरितो. बॅगपाइपमध्ये ही दोन्ही कामे एकच मनुष्य करितो, इतकाच भेद.

आता हे वाद्य शिकावे कसे, ते थोडक्यात सांगतो. नव्या विद्यार्थ्यास पिशवी मुळीच दिली जात नाही. त्याच्या हाती चँटर म्हणजे सरावाची लहानशी सनई येते, व कित्येक महिने तो तीच घेऊन बसतो. तिच्यात अवघे नऊ स्वर. मधला षड्ज धरला तर खाली एक कोमल निषाद व वर तार षड्जापर्यंत खमाज थाटाचे स्वर, असे आपल्या पद्धतीने म्हणता येईल. पिशवीतून वारा अखंड वाहत असल्यामुळे दोन स्वरांच्या मधे थांबता येत नाही; तोच स्वर पुन्हा वाजवावयाचा तर मधे दुसऱ्या स्वराचा निमिषमात्र स्पर्श द्यावा लागतो. या स्पर्शस्वरांतच सारी विद्या आहे. आम्हांस एवढे साधावयास पाच महिने लागले, आणि बारा वर्षांच्या मुलांस दोन. त्यांनी आमची जी थट्टा केली ती आम्ही आनंदाने सोसली.

पुढे पिशवी मिळते. डाव्या बगलेत पिशवी, खांद्यावर तीन सूरनळ्या, त्यांपैकी एक खर्जाची. तोंडाने फुंकावे व श्वास घेतेवेळी दंडाने पिशवी दाबावी, जेणेकरून वाऱ्याचा दाब क्षणभरही ढळू नये. हवालदारसाहेब म्हणत, "तोंड थांबले तरी हात थांबता कामा नये." आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष वाटली. हे वाद्य हळू किंवा मोठ्याने वाजविता येत नाही. बँडमध्ये कोणासही इतरांपेक्षा अधिक मोठ्याने वाजवून पुढेपुढे करिता येत नाही, आणि चुकलेला स्वर लपविताही येत नाही. ख्रिस्तमंडळीस याहून चांगला धडा कोणता?

जुन्या काळी ही विद्या लिहून ठेवीत नसत. तबल्याचे वा पखवाजाचे बोल जसे गुरू तोंडाने म्हणून दाखवितो, तसे स्कॉटिश गुरू अर्थहीन अक्षरे गाऊन शिष्यास चाल शिकवीत. स्वरांनी मुख्य सूर व व्यंजनांनी स्पर्शस्वर दाखवावे अशी रीत. या पद्धतीस कॅंटरॅच्ड म्हणतात. वादनाच्या शास्त्रावरील पहिला ग्रंथ जोसेफ मॅकडोनल्ड नामक तरुणाने १७६० च्या सुमारास लिहिला, तोही कंपनीच्या चाकरीकरिता हिंदुस्थानास येत असता. तो येथेच अल्पवयात मरण पावला. त्याचे हस्तलिखित पुढे स्वदेशी गेले व १८०३ साली, म्हणजे असईच्या लढाईच्याच वर्षी, छापून निघाले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शीख, गुरखा इत्यादी देशी पलटणींनी स्कॉटिश पलटणींच्या सहवासात हे वाद्य आपलेसे केले. राज्य गेले, परंतु वाद्य राहिले. भारतीय सेनेच्या पलटणींत ते आजही वाजते. गढवाल व कुमाऊंत परतलेल्या शिपायांनी ते गावी नेले, आणि तेथे मशकबीन या नावाने ते लग्नाच्या वरातीत वाजू लागले. मलेशियात कुआलालंपूर येथे शीख तरुणांनी १९८६ साली एक बँड स्थापिला व त्यास दशमेश हे नाव दिले. ज्या दहाव्या गुरूंचे हे नाव, त्यांनी १७०८ साली आपल्या नांदेडातच देह ठेविला. हा बँड २०१९ साली ग्लासगोच्या जागतिक स्पर्धेत उतरून आला. सारांश, वाद्यास जात, राज्य वा पक्ष नसतो; ते ज्याच्या बगलेत असते त्याचे होते.

तथापि बाबांच्या प्रश्नाचे खरे उत्तर आम्हांस याहून एका लहानशा गोष्टीत सापडले, आणि ती गोष्ट असईचीच आहे.

७८ व्या पलटणीच्या जुन्या इतिहासात ती नोंदलेली आहे. असईच्या दिवशी हुकूम सुटला की, वादकांनी जखमींस उचलून मागे शस्त्रवैद्यांकडे न्यावे. पलटणीच्या बॅगपाइपवाल्यांपैकी एकास वाटले की, हा हुकूम आपणांसही आहे. त्याने वाद्य खाली ठेविले व तो जखमींस उचलू लागला. लढाई संपल्यावर त्याचे सोबती त्यास टोचून बोलू लागले. बासऱ्या व सनया वाजविणारे मागे गेले तर चालेल, परंतु बॅगपाइपवाल्याची जागा रणाच्या ऐन भरात. त्याने मागे जावे ही अश्रुतपूर्व गोष्ट, असे त्यांचे म्हणणे. तो बिचारा अगदी खाली मान घालून राहिला. पुढे २९ नोव्हेंबर रोजी, आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावच्या लढाईत, त्याने अशा आवेशाने वाद्य वाजविले की, शिपाई वेळेपूर्वीच धावत सुटून रांग मोडतील की काय असे झाले. येणेप्रमाणे त्याचा कलंक धुऊन निघाला, असे इतिहासकार म्हणतो.

याच्या उलट १८९७ साली, सरहद्दीवर दर्गई येथे, जॉर्ज फिंडलेटर नावाचा बॅगपाइपवाला पाय गोळीने जायबंदी झाले असता बसून वाजवीत राहिला. त्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचे शौर्य खरेच. त्याचे नाव जगास ठाऊक आहे, आणि असईच्या त्या मनुष्याचे नाव त्या इतिहासात दिलेलेही नाही.

वाचकहो, आम्ही पुष्कळ विचार केला, आणि आम्हांस असे दिसते की, कलंक धुतला गेला तो अडगावास नव्हे. कलंक मुळी नव्हताच. शेजारी मनुष्य रक्ताळून पडला असता ज्याने आपला मान बाजूस ठेवून त्यास उचलले, तो आपल्या प्रभूने सांगितलेल्या शोमरोनी मनुष्याचा सोबती होय. आम्ही ही गोष्ट त्या वृद्ध गृहस्थांस सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "फादर, मुलांना ही गोष्ट आधी शिकवा, वाजविणे मागाहून."

त्यांची आज्ञा आम्ही शिरोधार्य मानली आहे. आमच्या बँडचा पहिला नियम असा की, मिरवणुकीत कोणी मूर्च्छा येऊन पडला तर सर्वांत जवळच्या वादकाने वाद्य खाली ठेवून त्यास उचलावे, मग सूर तुटला तरी चालेल. प्रत्येक मुलाने प्रथमोपचार शिकून घेतलेला आहे.

आणि बँडची पहिली हजेरी मिरवणुकीत व्हावयाची नाही, असेही ठरले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंपाने हजारो माणसे दगडमातीखाली गाडली गेली. त्या दिवशी लातूर व धाराशिवच्या खेड्यांत ज्यांनी हातांनी दगड उपसून शेजाऱ्यांस बाहेर काढिले, त्यांपैकी काहीजण आजही आपल्यांत आहेत. मृतांकरिता शोकगीत वाजविणे ही या वाद्याची फार जुनी रीत आहे. यास्तव येत्या ३० सप्टेंबरला, त्या मृतांकरिता अर्पिलेल्या मिस्सेनंतर, आमची मुले प्रथम वाजवतील. सणाची मिरवणूक त्यानंतर. आपण सर्वांनी अवश्य यावे. रांगेच्या शेवटी एक केस पिकलेला विद्यार्थी चुकत चुकत वाजविताना दिसेल. त्यास आपण क्षमा करावी.