पाल्याचा लगाम

मलिक अंबर म्हटलं की आम्हा नगरकरांना निजामशाही आणि गनिमी कावा आठवतो. पण तो मूळचा इथिओपियाचा. गुलाम म्हणून येमेनच्या मोखा बंदरात विकला गेला, तिथून बगदाद आणि मग आपला दख्खन. त्याच्या वाटेवरच्या पहिल्या दोन्ही मुलुखांत एक हिरवा पाला आजही चघळतात. येमेनात त्याला 'कात' म्हणतात. (विड्यातला कात नव्हे बरं का!) हल्ली बातम्यांत येणाऱ्या 'एमडी'चं, म्हणजे मेफेड्रोनचं, कूळ शोधत गेलं की आपण याच पाल्यापाशी पोचतो.

या झाडाची शास्त्रीय नोंद केली पीटर फोर्सकाल या निसर्गअभ्यासकाने. १७६३ मध्ये तो येमेनातच हिवतापाने गेला. त्याचा सोबती कार्स्टन नीबूर त्याच वर्षी मुंबईला आला, घारापुरीच्या लेण्यांची चित्रं काढली आणि पुढे १७७५ मध्ये मित्राची टिपणं छापली.

पाल्यातलं मुख्य उत्तेजक द्रव्य, कॅथिनोन, १९७५ मध्ये वेगळं करण्यात आलं. तोडलेल्या पाल्यात ते दोनेक दिवसांतच विरू लागतं. म्हणून पाला ताजाच हवा, आणि गालात धरून तासन् तास चघळायला हवा. पाला निरुपद्रवी नाही. पण नशा चढण्याआधी जबडा दमतो. निसर्गानेच घातलेला लगाम म्हणा ना.

भुकटीला हा लगाम नाही. कॅथिनोनच्याच घडणीचं मेफेड्रोन १९२९ मध्ये बनलं आणि विस्मरणात गेलं. २००३ च्या सुमारास इंटरनेटवर ते पुन्हा उगवलं. मग 'झाडांचं खत' असं लेबल आणि खाली 'मानवी सेवनासाठी नाही' ही ओळ छापून युरोपात राजरोस विकलं गेलं. ब्रिटनने २०१० मध्ये बंदी घातली. आपल्याकडे ते एनडीपीएस कायद्याच्या यादीत आलं २०१५ च्या फेब्रुवारीत; तोवर मुंबईत 'म्याव म्याव' बोकाळलं होतं. कायदा एक रेणू धरतो, तोवर दुसरा बाजारात येतो.

आता घराजवळचं. श्रीगोंद्याकडून भीमा ओलांडली की दौंड, आणि पुढे कुरकुंभची एमआयडीसी. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी तिथल्या एका कारखान्यावर छापा घातला. पुणे, कुरकुंभ, दिल्ली मिळून १,७०० किलोंहून अधिक मेफेड्रोन पकडल्याचं पोलिसांनी सांगितलं. पाला येमेनातला, पण भुकटी थेट आपल्या वेशीवर!

याचा अंमल दोन-तीन तासांत उतरतो, म्हणून लगेच पुन्हा घ्यावंसं वाटतं. घातक गोष्ट ती हीच. काळीज धडधडतं, रक्तदाब चढतो, अंग भट्टीसारखं तापतं, झोप उडते, नको ते भास आणि संशय सुरू होतात. जीवही जातो. पुडीत नक्की काय मिसळलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि यावर उतारा असं औषध नाही. डॉक्टर अंग थंड करतात, झटके आवरतात, हृदय सांभाळतात. म्हणून मुलाने काय घेतलं ते लपवू नका, उशीर करू नका. व्यसन सोडवायला मदत हवी असेल तर १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे.

आमच्या पिढीत घरात 'एमडी' शब्द निघाला की कुणाचा तरी मुलगा मोठा डॉक्टर झालेला असायचा. पेढे यायचे. पुण्याला शिकायला गेलेल्या भाचरांच्या तोंडी आज हा शब्द आला, तर मंडळी, नुसते रागावू नका. जवळ बसवून आधी ऐकून घ्या.