क्रमांक घालता न येणारे चित्र

अकोटच्या एका शाळेत मी मुलांसमोर अंबादास यांच्या एका चित्राची छापील प्रत ठेवली. पहिलाच प्रश्न आला, “सर, हे कशाचं चित्र आहे?”

दोष मुलांचा नाही, पुस्तकांनी लावलेल्या सवयीचा आहे. १६५८ साली न्यूरेंबर्गला कोमेनिअस या शिक्षकाचे ‘ऑर्बिस पिक्टस’ छापले गेले. मुलांच्या सचित्र पाठ्यपुस्तकांचा इतिहास बहुधा इथूनच सांगतात. त्यातल्या चित्रांत प्रत्येक वस्तूला क्रमांक आहे आणि तोच क्रमांक मजकुरातल्या शब्दालाही. चित्र पाहायचे ते नाव कळावे म्हणून! आपला ‘क कमळाचा’ तक्ता त्याच घराण्यातला. १८९४ साली मुंबईत राजा रविवर्मा यांचा छापखाना निघाला आणि देवादिकांची चित्रे घरोघरी गेली. तिथेही लक्ष्मी की सरस्वती हे ओळखले की पाहणे संपते.

अंबादास खोब्रागडे १९२२ साली अकोल्यात, म्हणजे अकोटपासून पंचेचाळीसएक किलोमीटरवर जन्मले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले. ‘ग्रुप १८९०’ या बारा कलावंतांच्या गटात ते होते. (१८९० हे साल नव्हे, गट जिथे जमला त्या भावनगरच्या घराचा तो क्रमांक.) १९६३ साली दिल्लीत गटाचे प्रदर्शन झाले, उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. पुढे अंबादास नॉर्वेत स्थायिक झाले. २०१२ साली ऑस्लोत वारले. त्यांच्या कॅनव्हासवर रंगाचे फटकारे वळतात, एकमेकांत शिरतात. क्रमांक घालावा अशी वस्तूच तिथे नाही.

मुलांना चित्रापाशी थांबवणारे माधुरी पुरंदरे यांचे ‘चित्रवाचन’ मराठीत आहे. अमूर्त चित्रापुढे मात्र आणखी एक अडचण असते, छपाईची. छापील चित्र म्हणजे चार शाईंचे बारीक ठिपके. रंगाचा जाडपणा त्यात उरत नाही आणि हातभर रुंद कॅनव्हास वीतभर होतो.

म्हणून अशा पुस्तकात एका पानावर पूर्ण चित्र लहान करून द्यावे आणि शेजारी त्याच प्रमाणात उभ्या मुलाची आकृती. समोरच्या पानावर चित्राचा एकच तुकडा, मूळ आकारात, कडेपर्यंत छापलेला. नाव-गाव-साल पुस्तकाच्या शेवटी.

अकोटच्या वर्गात मी शेवटी भिंग दिले. ठिपके पाहून झाल्यावर एक मुलगी बोटाने फटकारा गिरवू लागली. म्हणाली, “ब्रश इथून सुरू झाला की तिकडून?”